देवळीतला समुद्र

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, अन् त्या गडबडीत अणदूरच्या शिवप्पा कारकुनाची बदली झाली ती थेट मालवणला. घरी म्हातारे सासू-सासरे अंथरुणाला, म्हणून बायको प्रेमला गावातच राहिली. शिवप्पा सुटीवर आला की ती एकच विचारायची, "समुद्र कसा असतो वो?" आता हा गडी अख्ख्या तालुक्याचे सातबारे तोंडपाठ म्हणून दाखवायचा, पण समुद्र काही त्याला सांगता यायचा नाही. लई मोठा असतो, एवढंच म्हणायचा. शेवटी बदली परत झाली तेव्हा त्यानं समुद्राचा एक तुकडाच उचलून आणला.

म्हणजे समुद्रफूल. ओहोटीला खडकातल्या डबक्यांत बसलेलं असतं, कुंकवाच्या रंगाचं, पाकळ्या हलवत. ते निवडताना शिवप्पानं मुलीला स्थळ बघावं तशी चिकित्सा केली. तोंड वासून पडलेलं नको. खडकावरून ओरबाडावं लागेल असंही नको, कारण बूड फाटलं की फूल गेलं. अखेर मुठीएवढ्या सुट्या दगडावर घट्ट बसलेलं एक सापडलं, ते दगडासकट काचेच्या बरणीत घातलं अन् वर समुद्राचंच पाणी. मालवणपासून अणदूरपर्यंत बरणी मांडीवर. एसटीत जो तो विचारायचा, "लोणचं कशाचं हाय?"

प्रेमलानं आधी पाण्यात बोट बुडवून चाखलं. "खारट हाय की खरंच," म्हणाली, अन् बरणी देवघराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. तेव्हापासून रोज उठल्यावर ती आधी तिकडं बघायची. शिवप्पानं तिला सगळं शिकवलं. पाणी आटलं तर खुणेपर्यंत गोडंच पाणी घालायचं, मीठ काही उडून जात नाही. रोज पळीनं पाणी वर-खाली करायचं. उन्हाळ्यात बरणीला ओलं फडकं गुंडाळायचं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती म्हणजे फूल खातं काय.

कशी सांगणार? घर शिवाचारी, दोघांच्या गळ्यात लिंग. अंगणात अंड्याचं टरफल दिसलं तर प्रेमला दोनदा सडा घालायची. अन् हे फूल पडलं समुद्रातला जिवंत प्राणी, त्याला लागतं मटण.

मग शिवप्पानं मागच्या आळीतल्या धुरपताबाईला गाठलं. धुरपताबाई धनगराची, तिच्याकडं चूल पेटली की वास लपत नसे. "गुंजेएवढा तुकडा आणून देत जा, अन् कुणाजवळ बोलू नकोस," असं म्हणून त्यानं तिला तंबाखू लावून दिली. ती म्हणाली, "माझ्या पोटात राहतंय, आप्पा. काळजी सोडा." प्रेमला आडावर गेली की शिवप्पा बाभळीच्या काट्याला तुकडा टोचून फुलाला भरवायचा अन् लगेच अंघोळीला बसायचा. दिवसातनं दोनदा अंघोळ करणारा कारकून म्हणून गावात त्याची कीर्ती झाली.

सगळं बरं चाललं होतं, तोवर फूल रुसलं. मिटून बसायचं, दिलेलं खायचं नाही. शिवप्पाच्या घशाखाली भाकरी उतरेना. फूल मेलं तर प्रेमलाचा समुद्र मेला, अन् आपल्याला काही दुसरा आणता यायचा नाही, ह्या विचारानं त्याला रडू यायचं बाकी होतं. अशक्तपणा आला असंल म्हणून शहाण्यानं तुकडा जरा मोठा केला.

अन् नेमके तेव्हाच मठाचे स्वामी पाद्यपूजेला घरी आले. पूजा झाली, तीर्थ झालं, स्वामींची नजर देवळीत गेली.

"हे काय म्हणायचं?"

"समुद्राचं फूल हाय, स्वामी," प्रेमला म्हणाली.

स्वामी जवळ गेले, नाक आखडलं. "वास येतोय. हे बघ शिवप्पा, लिंगपूजेच्या घरात असलं तसलं काही चालायचं न्हाय. मांसमच्छीचं असंल तर आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

तेवढ्यात फुलानं तोंड उघडलं. घ्या! एक पांढुरका गोळा बाहेर पडून तळाशी बसला. त्याच्या मागनं दुसरा. शिवप्पाला कोडं पडलं, की सकाळी आपण तर मटणाचा एकच तुकडा घातला होता. स्वामी गोळ्यांकडं बघत होते. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यानं कबूल करायला तोंड उघडलं.

प्रेमलानं पदर सावरून हात जोडले. "बी टाकलं, स्वामी. फुलानं बी टाकलं. किती दिस वाट बघत होतो आमी."

स्वामींचा चेहरा उजळला. "बी व्हय? मग रोप धरलं की मठात एक आणून द्या. आपल्या भागात असलं फूल कुठं बघायला मिळतंय." एवढं बोलून, आशीर्वाद देऊन ते गेले.

दार लागल्यावर शिवप्पा तिच्याकडं वळला. "हे मटण खातंय, तुला ठाऊक होतं?"

"न ठाऊक व्हायला काय झालं, बरणीवर रोज दोन डोळे असत्यात माझे," प्रेमला म्हणाली. "पाण्यात एक किडा पडला, तो ह्यानं गिळला. म्हणलं उपाशी हाय बिचारं. तुमाला सांगितलं तर धर्मापायी बाहेर काढाल, म्हणून मीच गुपचूप भरवत होते."

"अन् आणत कुठनं होतीस?"

"धुरपताबाईकडनं. वाटीभर ताक द्यायचे तिला."

मग प्रेमलाला आधी हसू फुटलं. फूल आजारी नव्हतंच, दोन्हीकडनं जेवून जेवून त्याचं पोट फुगलं होतं. त्यांनी तिथंच ठरवलं, भरवायचं ते दोघांनी मिळून, अन् सोमवारी फुलाला उपास.

"पण मठाला रोप कुठनं द्यायचं?" शिवप्पानं विचारलं.

"मालवणहून. म्हाताऱ्यांकडं चार दिस शेजारीण बघंल, अन् निवडायला मी येणार," प्रेमला म्हणाली. ती बरणीकडं न बघता सरळ त्याच्याकडं बघत होती. त्याला नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही.

धुरपताबाईला बोलावून जाब विचारला तेव्हा ती जराही वरमली नाही. "दोघांनी गप बस म्हणलं, मी गप बसले. माझं काय चुकलं?" पण आजपासनं तंबाखू अन् ताक यांपैकी एकच काहीतरी मिळणार, हे कळल्यावर तिचं तोंड उतरलं. उंबऱ्यावर बसून तिनं मठाच्या रोपाची सगळी हकीकत नीट ऐकून घेतली.

मग पदर झटकून उठत म्हणाली, "आप्पा, स्वामींचा मठ इथनं किती लांब हाय वो?"