खडेमिठाची पुडी

"भाजी कशाची गं?" आप्पांनी पायरीवरूनच विचारलं. ते बुटाच्या नाड्या बांधत होते.

"मेथीची. मूगडाळ घालून."

"मंग झ्याक."

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. मी डबा भरत होते. तीन खणांचा पितळी डबा, आईच्या वेळचा. खालच्या खणात दोन भाकऱ्या, मधल्या खणात भाजी, वरच्या खणात काकडीच्या फोडी आणि अर्धं लिंबू. भाजलेल्या जिऱ्याची पूड वेगळ्या कागदात.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, आप्पांच्या पायांवर सूज आली आणि दवाखान्यात रक्तदाब निघाला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मीठ बंद. लोणचं, पापड, चटणी, काही नको." मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. वाचनालयातून आहारावरची दोन पुस्तकं आणली आणि वहीत उतरवून घेतलं. मिठाच्या जागी लिंबू, आमसूल, लसूण, कोथिंबीर. आई मी नववीत असताना गेली होती. घरात रांधणारे हात माझेच होते.

पहिले पंधरा दिवस डबा अर्धा परत येई. मग रिकामा येऊ लागला. "जिभंला सवय झाली आता," आप्पा म्हणत. "तुझ्या हाताला चव हाय सिंधू, मीठ लागतंच कशाला?" मी हे शाळेतल्या बाईंना सांगितलंही होतं. पुस्तकातलं खरं ठरल्यासारखं वाटलं होतं.

त्याच सुमारास मी एकदा आप्पांच्या कामावर, इंजिनं दुरुस्त होतात त्या लोको शेडमध्ये गेले होते. दुपारचा भोंगा झाला की सगळे खलाशी आणि फिटर गोणपाटावर गोल बसत आणि डबे मध्ये ठेवत. ज्याचा हात ज्या डब्यात जाईल तो जाईल. मी त्यांना म्हटलं, "आप्पांना तुमच्यातलं काही द्यायचं नाही. माझी शपथ आहे."

आप्पांचे जोडीदार कोंडिबामामा हसले. "मास्तरीणबाई आल्या रं. चटण्या झाका."

हसले, पण त्यांनी शब्द पाळला.

त्या सकाळी आप्पांच्या खाकी कोटाचं बटण लोंबत होतं. टाचायला म्हणून कोट खुंटीवरून काढला, तेव्हा आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. कागदाची पुडी होती. उघडली तर आत खडेमीठ. आमच्याच बरणीतलं. कागद माझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी वहीचा होता, त्यावर माझी लाल खूण होती.

मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. दोन वर्षं माझ्या हाताच्या चवीचं कौतुक करणारा माणूस खिशात मीठ घेऊन जात होता. आणि हेही लिहायला हवं, की आप्पा कामावर गेल्यावर माझ्या ताटातल्या त्याच भाजीवर मी रोज वरून मीठ घेत होते.

पुडी मी बरणीत रिकामी केली. कागद चुलीत टाकला. बटण टाचलं.

"दे कोट," आप्पा आत येऊन म्हणाले. कोट चढवताना खिसा चाचपला नाही. डबा उचलून वजन केल्यासारखा हलवला. "आज जड हाय."

"काकडी जास्त आहे. येताना कोथिंबीर आणा."

"आणतो."

मी पुडीचा विषय काढला नाही. संध्याकाळी बोलायचं ठरवलं होतं. कसं बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

दुपारी तिसरीच्या वर्गात पाढे चालले होते. दारात कोंडिबामामा येऊन उभे राहिले. टोपी काखेत होती आणि हातात आप्पांचा डबा. शेडमधून कधी कुणी डबा आणून दिला नव्हता. पोरं पाढे म्हणत राहिली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. आज नाही तर चार दिवसांनी हे व्हायचंच होतं. एका डब्याने काही इकडचं तिकडे झालं नसतं. माझा त्यावर विश्वास बसला. त्याने काही हलकं झालं नाही.

आठव्या दिवशी कोंडिबामामा ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बिडी नुसतीच बोटांत फिरवत होते.

"डबा उघडला आन् खिशात हात घातला," ते म्हणाले. "ह्या खिशात बघ, त्या खिशात बघ. मी म्हणलं, काय हुडकताय? तर म्हणले, काय न्हाई, पडलं वाटतं कुठंतरी."

"मग?"

"मग दोन घास खाल्ले. तिसरा हातातच धरला. माझ्या डब्याकडं बघितलं त्यांनी. लसणाची चटणी व्हती माझ्याकडं. तू शपथ घातली व्हतीस म्हणून मी डबा जरा मागं वढला, पोरी. चुकलं का माझं?"

"नाही मामा," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी त्यांना चहा करून दिला.

दहाव्याला शिरूरहून धुरपदाआत्या माणसं घेऊन आली. आप्पांची ती थोरली बहीण. पहाटे मी नैवेद्याचा स्वयंपाक केला. मेथीची भाजी, भाकरी, भात.

"चाखू नगंस बरं," आत्या म्हणाली. "निवदाचं हाय."

"नाही आत्या."

भीमेच्या घाटावर पिंड मांडले. शेजारी पानावर जेवण ठेवलं. कावळे समोरच्या बाभळीवर होते. एक खाली आला, पिंडाभोवती चालला आणि परत गेला. उन्हं वर आली. कोंडिबामामांनी बिडी पेटवून पानाशेजारी ठेवली. कुणीतरी चहाचा कप ठेवला.

"चांगदेवा, पोरीचं लगीन आम्ही करून दिऊ," आत्या आप्पांना नावाने हाक मारत, हात जोडून म्हणाली. "क्वार्टर सुटलं तरी तिला उघड्यावर टाकणार न्हाई. शिव बाबा आता."

कावळा आला नाही.

"अडलंय तरी काय ह्याचं?" मागून कुणीतरी म्हणालं. "बीडी झाली, च्या झाला."

"त्यो जित्तेपणी कवा काय मागणारा व्हता?" कोंडिबामामा म्हणाले.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. आत्याने त्यांना थांबवलं आणि माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. "तू बोल. तुझ्यात जीव व्हता त्याचा."

मी पानाकडे बघितलं. मेथीवर डाळीचे दाणे मोकळे दिसत होते. पहाटेचं सगळं आठवलं. तेल, लसूण, भाजी, डाळ, झाकण. बरणी फळीवर होती, तिथेच राहिली होती. दोन वर्षांत रांधताना माझा हात तिच्याकडे जायचा विसरला होता.

"आप्पा," मी म्हटलं. आवाज वर्गातल्यासारखा मोठा निघाला. "पुडी पडली नव्हती. मी काढली होती. तुमच्या कोटातली."

"कसली पुडी गं?" आत्या म्हणाली.

कोंडिबामामांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"आणि आप्पा," मी म्हटलं, "आजही भाजीत मीठ घातलेलं नाही."