सरांची टाच

तलवारीच्या मुठीचा लाल गोंडा आधी दिसला — कडेने विरलेला, मुलीच्या मनगटाला एक वेढा घालून सुटणारा — आणि मग ती खाली बसली, एक पाय लांब, दुसरा दुमडून... दुमडलेल्या पायाची टाच गालिच्यावरून बोटभर उचलली गेली.

चूक. एक दशांश गुण. पंचांच्या टेबलावर माझं बोट बटणाकडे गेलं आणि थबकलं.

ही टाच माझ्या ओळखीची होती. आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा गुडघा जुना दुखरा. खाली बसताना ते जरासे थांबत, टाच उचलत, मग टेकवत — आणि पत्र्याच्या छपराखालच्या त्या हॉलमध्ये आम्ही धडधाकट पोरीही तितक्याच भक्तिभावाने थांबायचो, टाच उचलायचो. सरांच्या लक्षात आलं तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला. "अगं बायांनो, ते माझं दुखणं आहे! तुम्ही कशाला लावून घेतलंत?"

मी ती खोड मोडली, आरशासमोर, हट्टाने. माझ्याबरोबर शिकणाऱ्या ठमीने नाही. "राहू दे गं, कुणाचं काय बिघडतंय?" म्हणायची. पदकं मला मिळाली. ठमी लग्न करून परदेशी गेली. आणि आज, वुशूच्या, चिनी युद्धकलेच्या, या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, त्या देशाच्या मुलीची प्रशिक्षक म्हणून ठमी गालिच्याच्या कडेला उभी होती, पार पिकलेल्या केसांची. सकाळी जिन्यात म्हणाली, "माझ्या पोरीचे गुण खुशाल काप, भीड ठेवू नकोस. पण बघ मात्र नीट."

मी बटण दाबलं. आणखी एकदा टाच उचलली की पोरीचं पदक गेलं.

मग उगाचच, टेबलाखाली, मी स्वतःची टाच उचलून पाहिली. नुसती टाच उचलली गेली. सर थांबायचे ते आधी की नंतर? मान खाली असायची का?... आठवेना. इतकी वर्षं वाटायचं, सर गेले तरी अंगात आहेत माझ्या. कुठले! मीच तर त्यांना आरशासमोर घासूनपुसून काढलं होतं.

मुलगी वळली. गोंडा वर गेला. आता पुन्हा तीच बैठक यायची. टेकव गं पोरी, पदक जाईल तुझं... असं मनात यायला हवं होतं. पण बोट बटणावर ठेवून मी पुढे झुकले, नजर त्या टाचेवर.

उचल गं. एकदाच उचल.