बद्रुन्निसाच्या पडीवरचा स्टायलो

मोहिद्दीन दिवसभर पौडच्या दुकानात असायचा, त्यामुळं माले गावची डोंगरउतारावरची पड जमीन आणि चार गाई त्याच्या बायकोच्या, बद्रुन्निसाच्या हवाली होत्या. पडीवर नुसतं गवत. दिवाळीनंतर ते वाळलं की गाईंच्या बरगड्या दिसायला लागायच्या. एकोणऐंशी साली गुरांच्या डॉक्टरांनी तिला स्टायलो नावाच्या चाऱ्याचं बी दिलं. शेंगेच्या जातीचा पाला, गवत वाळलं तरी हिरवा राहतो. फक्त गवत आणि पाला दोन्ही जोडीनं टिकायला हवेत, असं त्यांनी बजावलं.

बद्रुन्निसानं बी गरम पाण्यात भिजवून गवतात पेरलं आणि पडीला काट्यांचं कुंपण घातलं. धनगरवाड्यावरच्या गंगूची गुरं रोज शेजारून जायची. एक खूरही आत पडता कामा नये, असं तिला सांगून ठेवलं.

श्रावणात गवत कमरेला लागलं. बद्रुन्निसानं ते बाजूला सारून पाहिलं, तर स्टायलोची रोपं बोटभर आणि पिवळी. ती रोज जाऊन बघायची आणि खट्टू होऊन परतायची. त्यात एका दुपारी गंगूच्या सात गाई कुंपण मोडून शिरल्या आणि खालचा अर्धा उतार चरून गेल्या. बद्रुन्निसा गंगूला नको नको ते बोलली.

"भाभी, कवळं गवत हाय तवर गुरं तुमच्या पाल्याला तोंड लावत न्हाईत," एवढंच म्हणून गंगू गेली.

रागानं बद्रुन्निसा दोन आठवडे तिकडं फिरकली नाही. गेली तेव्हा बघतच राहिली. चरलेल्या उतारावर ऊन पोचलं होतं, रोपं वीतभर उंच, हिरवीगार. तिनं जपलेल्या वरच्या भागात मात्र ती तशीच मरगळलेली.

ती तशीच धनगरवाड्यावर गेली. गंगू सारवत होती.

"चुकलं माझं," बद्रुन्निसा म्हणाली. "वरच्या अंगालाही गुरं घाल."

गंगूनं सारवण पुरं केलं, मग बघू म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र उजाडताच शेजाऱ्यांच्या गाईही घेऊन हजर. गवत वीतभर उरल्यावर तिनंच गुरं बाहेर हाकलली. आणखी खाल्लं तर गवत मरेल आणि नुसता पालाच माजेल, असं तिचं म्हणणं.

माघात सगळा डोंगर पिवळा पडला, तरी त्या पडीवर वाळल्या गवतातून हिरवा पाला डोकावत होता. पहिली कुणाची गाय आत सोडायची यावरून दोघींनी एकमेकींना मान देत बराच वेळ वाद घातला. शेवटी गंगूची गेली.