क्योटोची म्हातारी

चंद्रकुमार बुटांसकट रुख्माबाईच्या सारवलेल्या अंगणात शिरला, बाजेवर बसला आणि त्याने घड्याळ पाहिलं. मागून आलेल्या त्याच्या बायकोने, चेतनाने, चपला फाटकाशी काढल्या. रुख्माबाईने आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग चेतनाच्या अनवाणी पायांकडे, आणि पाण्याचा गडवा तिच्यापुढे केला.

हाच चंद्रकुमार जपानी माणूस दारात जोडे कसे काढतो आणि काढून नीट कसे लावतो, यावर भर सभेत बारा मिनिटं बोलत असे. बोलताना स्वतःचे बूट काढून दाखवत असे. लोक टाळ्या वाजवत. गोंदियात टाळ्यांना तोटा नाही. एसी हॉल आणि नंतर जेवण असलं की त्या कशालाही वाजतात.

अकरा दिवसांत जपान, व्हिएतनाम आणि सिंगापूरचा विमानतळ एवढं त्याचं जग. व्यापाऱ्यांच्या एका सहलीबरोबर तो आणि चेतना जाऊन आले होते. विमानतळावरचे सहा तास व्याख्यानात ‘माझ्या सिंगापूरच्या मुक्कामात’ असे येत. वडिलांची राइस मिल बरी चालली होती, पण ह्याला नुसता मिलवाला म्हणून मरायचं नव्हतं. ह्याला उद्योजक व्हायचं होतं, आणि उद्योजकाला परदेशातून शिकून यावं लागतं, असं कुठल्याशा पुस्तकात त्याने वाचलं होतं. पहिली वीस पानं वाचली होती.

सहलीतून एक खरी गोष्ट मात्र हाती लागली होती. ओसाकाच्या एका मिठाईवाल्याने चारोळीचे नमुने मागवले. पाच महिने त्याच्याकडून हो नाही की नाही नाही. मग उत्तर आलं की माल पाच क्विंटल हवा, एकाच जंगलातला आणि झाडावर पिकलेल्या फळाचा हवा, आणि तो गोळा करणाऱ्या बायकांचं सह्यांनिशी संमतिपत्र महिनाअखेरपर्यंत हवं. पत्र नसेल तर सौदा नाही. पसंत पडलेला नमुना देवरीच्या पुढच्या ह्याच गावातला होता. दोन वर्षं बसने येऊन, चारोळी फोडणाऱ्या बायकांच्या जात्याशेजारी बसून, चेतनाने तो जमवला होता. चंद्रकुमारने त्याच्या पाकिटाचा रंग ठरवला होता.

त्याने संमतिपत्राचा कागद पुढे केला. चाराच्या, म्हणजे चारोळीच्या झाडांना फळ लागलं आहे, उद्यापासून तोडायला घ्या, सगळ्यांच्या सह्या आत्ताच करून द्या, मला दोन तासांत निघायचं आहे, असं एका दमात सांगून टाकलं. रुख्माबाई महिला गटाची अध्यक्ष होती. तिने कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला. गावदेवाला नवं फळ चढवल्याशिवाय झाडाला कोणी हात लावत नाही, ते बुधवारी होईल, आणि कागदाचं म्हणाल तर पंधराही जणी बसून ठरवतील, असं ती म्हणाली.

“मंग तू अध्यक्ष कायची?” चंद्रकुमार म्हणाला.

रुख्माबाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती. जपानात ह्याने बसच्या ड्रायव्हरलासुद्धा नावापुढे आदराचं ‘सान’ लावल्याशिवाय हाक मारली नव्हती.

शेजारच्या गावात तोडा सुरू झाला आहे, तुम्ही देवाची वाट पाहत बसा आणि तुमची झाडं दुसरंच कोणी साफ करून जाईल, असंही तो म्हणाला. तिने कागदाची घडी केली.

“आमच्या गावचं कोणी नाई करत,” ती म्हणाली. “एकानं कच्च्या फळाले हात लावला का दुसऱ्याचा भरोसा जाते. भरोसा गेला का पिकू कोण देते, सेठ? मंग सारेच कच्चं तोडतेत. झाड तेच रायते, चारोळी पोचट निघते.”

चेतना मान हलवत होती. बाकीच्या गावांचे नमुने ओसाकाने ह्याच कारणाने परत केले होते. दाणा भरलेला नव्हता.

परतताना गाडीत चंद्रकुमार जंगल संपेपर्यंत बोलत होता. ह्या लोकांना वेळेची किंमत नाही. पंधरा जणी बसणार म्हणे, संसदच आहे जणू. भरोसा म्हणे. म्हणून तर आहेत तिथेच आहेत. चेतनाने एवढंच म्हटलं की ओसाकावाल्यांनीही सगळ्यांनी मिळून ठरवायला पाच महिने घेतले होते, आणि तुम्ही त्याला परिपक्वता म्हणता.

“ते वेगळं,” तो म्हणाला. “तिकडे ते कल्चर आहे.”

चेतनाने काच खाली केली आणि गोंदिया येईपर्यंत बाहेर पाहत राहिली. ह्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. भांडणही तो पुढच्या सभेत उदाहरण म्हणून सांगायचा.

शनिवारी गोंदियात त्याचं व्याख्यान होतं. आयोजक खेमराज, टाइल्सचा व्यापारी. त्याने हॉलच्या फाटकावर चंद्रकुमारचा दहा फुटांचा फोटो लावला होता, मागे बर्फाचा डोंगर, आणि वर ‘जग फिरा, धंदा शिका’. सकाळी रुख्माबाईचा चेतनाला फोन आला. बुधवारी देवाचं झालं, गुरुवारी साऱ्या बसल्या, सह्या झाल्या. गटातल्या धुरपताबाईला डोळे दाखवायला गोंदियालाच यायचं आहे, तर कागद घेऊन येते. चेतनाने त्यांना हॉलवरच बोलावलं.

फाटकावरच्या माणसाने दोघींना मागच्या बाजूला, स्वयंपाकाच्या मंडपाकडे पिटाळलं. भांडी घासायला आलेल्या बायका वाटल्या असाव्यात. चेतना जाऊन त्यांना घेऊन आली आणि शेवटच्या रांगेत स्वतःशेजारी बसवलं. रुख्माबाईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून दाखवला. अकरा सह्या, चार अंगठे. चेतनाने त्यावरून बोट फिरवलं. दोन वर्षांचं काम त्या एका कागदावर आलं होतं, आणि तिला इतका आनंद झाला की तिथेच कागद ताब्यात घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. व्याख्यान संपल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने द्या, फोटो काढू, तुमचं नाव होऊ दे, असं ती म्हणाली.

चंद्रकुमार रंगात आला होता. जोडे झाले, ‘सान’ झालं, व्हिएतनाममधली पहाटेची बाजारपेठ झाली. ती पाहिली होती चेतनाने. हा झोपला होता. मग त्याने आवाज खाली आणला, पाण्याचा घोट घेतला आणि डोळे किंचित मिटले.

क्योटोजवळच्या डोंगरात, तो म्हणाला, मला एक म्हातारी भेटली. जंगलातून फळं गोळा करणारी, साधी, अडाणी बाई. मी तिला म्हटलं, आजी, फळ लागलं आहे, तोडत का नाही? दुसरं कोणी घेऊन गेलं तर? तर ती माझ्याकडे पाहून हसली.

“ती म्हणाली, बेटा, एकाने कच्च्या फळाला हात लावला की दुसऱ्याचा भरोसा जातो. भरोसा गेला, की पिकू कोण देतं?” चंद्रकुमार थांबला. “मित्रांनो, कुठल्या कॉलेजात शिकवतात हे? आपल्या लोकांना हे कधी कळणार?”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले दोन मिलवाले उभेच राहिले.

क्योटोत ते दोघं दीड दिवस होते. दोन देवळं बसमधून उतरून पाहिली, एक न उतरता, आणि उरलेला वेळ वरणभात कुठे मिळतो ते शोधण्यात गेला. डोंगर खिडकीतून दिसला होता. चेतनाला हे सगळं आठवत होतं, आणि शेजारी बघायचं तिचं धाडस होत नव्हतं.

धुरपताबाईला स्टेजवरचं नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

“हे त तू म्हटलं होतं ना वं,” ती रुख्माबाईला हळूच म्हणाली.

रुख्माबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. प्रश्नांच्या वेळी खेमराजने उठून विचारलं की त्या आजींचं नाव काय होतं. चंद्रकुमारने पाण्याचा आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला की तिकडे माणसं नाव सांगत नाहीत, काम दाखवतात. यालाही टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपला. गळ्यात हार तसाच ठेवून, फोटोग्राफरला घेऊन तो शेवटच्या रांगेकडे आला. दोघींना पाहून त्याच्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेशही दिसला नाही. चेतना तेच शोधत होती. थोडं जरी दिसलं असतं तरी तिने त्याच्या बाजूने दोन शब्द टाकले असते. पण ही गोष्ट आपण कुठून उचलली तेच तो विसरला होता. व्हेरी गुड, आल्या का, असं म्हणत त्याने कागदासाठी हात पुढे केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

रुख्माबाईने प्लास्टिकची घडी घातली आणि कागद पिशवीत ठेवला.

“सेठ, ते जपानची बाई, फळं गोळा करते म्हणे?”

“हो, हो.”

“मंग चारोळी तिच्यापासूनच घ्या.”

चंद्रकुमार हसला. मग त्याला रुख्माबाईचं अंगण आठवलं आणि तो हसायचं थांबला. अगं बाई, व्याख्यानात अशी उदाहरणं द्यावी लागतात, लोकांना बाहेरचं सांगितलं तरच पटतं, असं काहीतरी तो समजावू लागला. तुम्हाला भाव वाढवून हवा असेल तर तसं सांगा, असंही म्हणाला. रुख्माबाईने त्याला वाद घालण्याच्या लायकीचंही मानलं नाही. ती धुरपताबाईचा हात धरून खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर निघाली.

त्याने चेतनाचं कोपर धरलं. तुझं ऐकतात त्या, आता जा आणि समजाव, परवा महिना संपतो आहे, ओसाकाला मी काय तोंड दाखवू, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. फोटोग्राफर अजून कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता.

चेतनाने कोपर सोडवून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर किती वाजताचा आहे, असं तिने धुरपताबाईला लांबूनच विचारलं, आणि उत्तर ऐकायला त्यांच्यामागे चालू लागली.