पाठीवरचं हिम

आमच्या घोडीची आयाळ जिथे संपते, तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन पांढरे ठिपके आहेत. बाकी सगळं अंग तांबूस. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती आली, तेव्हा माझ्या आठ वर्षांच्या लेकीने, टॅन्सीने, त्या ठिपक्यांवरूनच तिचं नाव फ्रॉस्टी, म्हणजे हिमवाली, ठेवलं. रोज सकाळी तबेल्यात जाऊन ती त्या हिमाची पापी घ्यायची.

एप्रिलमध्ये फ्रॉस्टीने तिला पाडलं. हनुवटीला तीन टाके पडले. त्याआधी महिनाभर खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळताना घोडी कान मागे पाडत होती, दात दाखवत होती. मी ते बघत होते, वहीत तारखेनिशी लिहून ठेवत होते. कॉलेजात लागलेली सवय. खोगीर टोचत असेल म्हणून खाली आणखी एक गादीही घातली. तरी पाडलंच.

"घोडी वाईट वळणाची आहे," माझा नवरा रॉइस म्हणाला. "रविवारी एक माणूस बघायला येतोय. देऊन टाकू."

टॅन्सी रडली नाही. फक्त जेवायची बंद झाली. घोडी राहिली तर मला लेकीच्या हाडांची धास्ती, गेली तर हे असं.

शनिवारी मी रॉइसच्या आत्याला, वर्लीन आत्याला, गाडीत घातलं आणि जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. आत्याने चाळीस वर्षं खोगिरं दुरुस्त केली आहेत. माझ्याकडे वही होती, मापासाठी घोडीच्या पाठीवर वाकवून आणलेली जाड तार होती आणि चारशे डॉलर होते.

"तार चांगली आणलीस," आत्या म्हणाली. तिच्या एका हातात दालचिनीचा रोल होता. "वही गाडीत ठेव."

मला एक खोगीर लांबूनच आवडलं. नवंकोरं, चंदेरी बिल्ले लावलेलं, शिवाय साडेतीनशेत. आत्याने बोटं चाटून पुसली. खोगिराचं पुढचं तोंड पोटाशी टेकवलं आणि मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली. बैठकीचं चामडं मधोमध सुरकुतलं.

"बघितलंस? आतला लाकडी सांगाडा मोडलाय. वरून नवरी, आतून लंगडी."

"वर्लीनबाई, तुम्ही आलात की माझा धंदा बसतो," विकणारा ऑर्विल कुरकुरला.

"बसू दे. याच्यात माणूस बसला तर घोडाही बसेल."

"मग ते घ्या, टेबलाखालचं. माझ्या मेव्हण्यासारखं आहे, दिसायला भिकार, पण मोडत नाही."

ते खरंच भिकार होतं. दोऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या, बाजूला कुणीतरी चाकूने अक्षरं कोरलेली. आत्याने ओढून पाहिलं. तसूभर हललं नाही. मग ते उलटं करून खालच्या मेंढीच्या लोकरीच्या अस्तरावरून तिने दोन्ही तळवे डोळे मिटून फिरवले. खिळा नाही, गाठ नाही, सांगाड्याच्या दोन्ही फळ्या सारख्या. माझी तार पुढच्या कमानीच्या पोकळीत धरली. तार त्या कमानीला समांतर उतरत गेली, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून.

"बैठक मला लहान पडेल," मी म्हणाले.

"तुझं बूड मावलं नाही तरी चालेल गं. घोडीची पाठ मावली पाहिजे."

ऑर्विलने पैसे घेतले नाहीत. "आधी घालून बघा. नाही बसलं तर सोमवारी आणून टाका."

घरी आल्यावर आत्याने आधी आमचं जुनं, घोडीबरोबरच आलेलं खोगीर मागितलं. "गादी नको. उघड्या पाठीवर ठेव."

ती घोडीजवळ गेली आणि ते पांढरे ठिपके दिसताच थबकली.

"ते हिम आहे," टॅन्सीने अभिमानाने सांगितलं.

"नाही बाळा," आत्या हळू म्हणाली. "हे जन्माचे ठिपके नाहीत. खोगीर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबत राहिलं की तिथले केस मुळातून मरतात आणि पांढरे उगवतात." मग माझ्याकडे वळली. "हात घाल खाली. ठिपक्यावर."

मी जुनं खोगीर पाठीवर ठेवून त्याखाली हात घातला. आत्या खोगिरावर नुसती रेलली. बोटांची हाडं एकमेकांवर चढली, माझ्या तोंडून किंकाळी बाहेर पडली.

"यात तू आणखी एक गादी कोंबलीस. घट्ट बुटात जाड मोजे."

मी घोडीकडे पाहिलं. माझा हात तीन सेकंदही टिकला नव्हता. ती माझ्या लेकीला पाठीवर घेऊन सगळा हिवाळा चालली होती, आणि एकदाच, एकदाच काय ती उसळली होती. दात दाखवून, कान पाडून ती रोज सांगत होती, आणि मी ते वहीत उतरवत होते. मला कुठे बघावं कळेना.

ते भिकार खोगीर चढवलं. हात घातला. पुढून मागपर्यंत एकसारखा दाब, जणू कुणी हातात हात धरलाय. मग पातळ गादी घालून, त्या लहान बैठकीत कशीबशी मावून, मी टेकाड चढून उतरले. परतले तेव्हा रॉइस कुंपणाशी उभा होता. टोपी डोळ्यांवर, चेहरा कोराच.

"उतरव," आत्या म्हणाली. "आणि बघ."

खोगीर उचललं तशी पाठीवरून वाफ निघाली. कण्याच्या दोन्ही बाजूंना घामाचे दोन लांब पट्टे होते, पानासारखे, काठापासून काठापर्यंत सारखे ओले. मधली कण्यावरची रेघ तेवढी कोरडी. जुन्या खोगिराखाली नेमके ते पांढरे ठिपके कोरडे राहायचे, आणि तिथे काही लागत नाही म्हणून मी निर्धास्त व्हायचे. खरं तर जास्त दाबाखाली घाम फुटतच नाही; आता ते ठिपकेही भिजले होते. रॉइसने टोपी काढली आणि त्या ओल्या पाठीकडे बघत राहिला, देवळात उभं राहावं तसा.

"त्या माणसाला नको म्हणून सांगतो," अखेर तो म्हणाला.

टॅन्सीने विचारलं, "मग तिचं नाव बदलायचं?"

"तिलाच विचार," आत्या म्हणाली.

टॅन्सीने नाव घेऊन हाक मारली. घोडीचा एक कान तिच्याकडे वळला.

मी खोगीर पुन्हा चढवलं, पाय ठेवायच्या रिकिबी लेकीच्या मापाला आखडल्या, तंग आवळला. दातांची वाट बघत होते. फ्रॉस्टीने मान वळवलीसुद्धा नाही. लेकीला उचलून वर बसवलं, तरी तिचा पाय मी सोडला नाही. घोडी मात्र मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवत, शांत उभी होती.