मीठ बरोबर होतं

इस्पितळाच्या मागच्या भिंतीत पूर्वी धुलाईचे गठ्ठे घ्यायची एक खिडकी होती. फ्लूची साथ आली, पुढचं फाटक नातेवाइकांना बंद झालं, आणि आतल्या माणसांचे डबे या खिडकीतून घ्यायचे असं ठरलं. बाहेर फरशीवर चुन्याची वर्तुळं काढली, एका वर्तुळात एकच माणूस. खिडकीशी बसायला कुणी तयार होईना, तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाईंना बसवलं. त्या नाही म्हणणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंचा एक नेम होता. रोज घराबाहेर पडताना उंबऱ्यापाशी डोळे मिटून उभं राहायचं आणि एवढंच मागायचं की, देवा, आज माझ्या शब्दाने कुणाचं मन मोडू देऊ नकोस. सासू टोमणे मारून मारून थकली, शेवटी बाईंच्याच हातचं पाणी पिऊन गेली. पण बाईंनी उलटा शब्द म्हणून दिला नाही. पुढे तो नेम त्यांच्या अंगाचाच झाला.

खिडकीवरच्या पहिल्याच दिवशी एका तरुण बाईने विचारलं, "आमचे हे जेवले का?"

"मला माहीत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्या बाईने खिडकीचा कठडा धरला तो सोडेचना. मागची माणसं वर्तुळं सोडून पुढे आली, आरडाओरडा सुरू झाला. आतून सिस्टर धावत आल्या. त्या अशा दमलेल्या होत्या की रागवायचंही त्राण नव्हतं. "बाई, काहीतरी सांगा आणि पुढे पाठवा. गर्दी झाली तर उद्या हे सगळेच आजारी पडून आत येतील."

तेव्हापासून बाई सांगू लागल्या, जेवले. ऐकलं की माणसाचे खांदे खाली यायचे. चेहरा फडक्याने झाकलेला, पण डोळे हसायचे. एका शब्दाने एवढं होत असेल तर त्यात पाप कसलं, असं त्यांना वाटायचं.

डब्यांचं असं होतं की, वॉर्डातली आया दाराशी येऊन ते घेऊन जाई. जो माणूस श्वासाच्या नळीवर गेला, त्याला जेवण बंद; त्याचा डबा ती उचलत नसे. तो बाईंच्या मागच्या टेबलावर तसाच राही आणि दिवस संपता संपता पिवळ्या पिशवीत टाकला जाई. आत आलेली वस्तू, भरलेली असो की रिकामी, बाहेर जात नसे. साथीचा नियमच होता तसा.

रांगेत रोज एक सायकल दुरुस्त करणारे काका येत. त्यांची बायको आत होती. उंच, वाकलेले, नखांत काळं तेल कायमचं बसलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्टीलचा कडीचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "आमच्या मंडळींना सांगा, भात मी केलाय. आयुष्यात पहिल्यांदा. जगलात वाचलात तर बाहेर येऊन भांडा म्हणावं."

त्या दिवशी आया खरोखरच निरोप घेऊन आली होती. "सायकलवाल्यांच्या बायकोने सांगितलंय, मीठ कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते सांगितलं आणि काका असे खुलले की मागच्या वर्तुळातला माणूसही हसला. "म्हणजे ठीक आहे. खोड काढतेय म्हणजे ठणठणीत आहे."

घरातले डबे संपत चालले. काकांनी मग बरणी आणली, मग मुलीच्या लहानपणचा शाळेचा डबा, आणि एक दिवस सायकलचे छर्रे ठेवायचा पत्र्याचा डबा, घासून घासून चकचकीत केलेला. "तेलाचा वास येईल जरासा. येऊ दे. नवरा कामावर जातोय एवढं तरी कळेल तिला."

तो छर्ऱ्यांचा डबा आयाने उचलला नाही. तिने बाईंकडे पाहिलं, गळ्यापाशी बोट नेऊन नळीची खूण केली आणि शेजारचा डबा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

बाईंच्या पाठीमागे टेबलावर आदल्या दिवशीच्या डब्याचा गोल ओला डाग अजून होता. "मीठ बरोबर होतं म्हणाल्या," त्या म्हणाल्या.

काका हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत माझं काही बरोबर आहे असं पहिल्यांदाच म्हणाली."

त्यानंतर रोज काहीतरी सांगावं लागलं. भाजी मऊ झाली होती. अजून थोडा भात चालला असता. आज जरा हसल्या. बाई घरी जाताना वाटेत दुसऱ्या दिवसाचं वाक्य जुळवत जायच्या, पोरांना उद्या खायला काय करावं असा विचार करावा तसं.

इस्पितळाचा चौकशीचा फोन लागत नसे. लागला तर पलीकडून "प्रकृती स्थिर" एवढंच ऐकू येई. "स्थिर म्हणजे काय हो?" काका खिडकीशी विचारायचे. "सायकल स्थिर असते ती स्टँडवर लावलेली. चालत नाही ती." पण बाईंचं रोजचं वाक्य ऐकलं की तो प्रश्न ते सोडून देत.

एक सवलत मात्र होती. नळीवरच्या माणसाला घरच्या एकाने, नखशिखांत पोशाख घालून, भेटून यावं. फक्त तो साठीच्या आतला हवा. म्हाताऱ्यांना ही साथ सोडत नव्हती, त्यामुळे काकांसारख्यांना आत पाय ठेवू देत नसत. हे घरी कळवायचं काम डॉक्टरांचं. ते डॉक्टर स्वतःच तापाने पडले होते, आणि दुसऱ्यांना पाणी प्यायला फुरसत नव्हती.

एके सकाळी रस्त्यावरून भोंग्याची गाडी फिरली. उद्या सकाळपासून नदीवरचा पूल बंद, कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. काका खिडकीशी आले तेव्हा ती गाडी कोपऱ्यावरच होती. त्यांनी लोणच्याची काचेची बरणी पुढे सरकवली.

"लेक पुलापलीकडे असते," ते म्हणाले. "सकाळपासून हट्ट धरून बसली होती, पूल बंद व्हायच्या आत येते म्हणून. तान्हं आहे हो पदरी. मी म्हटलं, वेडी की काय, आई इथे भात मागून खातेय आणि तू बाळाला घेऊन साथीत येतेस. आहेस तिथे राहा. तुमच्याच शब्दावर सांगितलं, बाई."

बाईंचं तोंड उघडलं. मागच्या वर्तुळातला माणूस खोकला, त्याच्या मागच्याने त्याला शिवी दिली, आणि काका "जातो, दुकान उघडं टाकून आलोय" म्हणत निघून गेले.

बाई खिडकी सोडून सिस्टरांकडे गेल्या. "सायकलवाल्यांच्या घरी फोन करा. त्यांच्या लेकीला आजच यायला हवं."

"डॉक्टर करतील."

"कधी?"

सिस्टरांनी हातमोजे काढले. आतली बोटं पांढरी, सुरकुतलेली होती. "बाई, मला माझ्या आईला फोन करायला झालेलं नाही. तुम्ही जाऊन खिडकीवर बसा."

बाई जाऊन बसल्या. संध्याकाळी त्या काकांच्या दुकानावरून गेल्या, पण फळी लागली होती आणि घर कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. शेजारचा शिंपी दार किलकिलं करून म्हणाला, "ताई, लांबूनच बोला. आणि पत्ता मला नाही माहीत." दार लागलं.

सकाळी उंबऱ्यापाशी त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. रोजचं मागणं ओठांवर येईना. तशाच निघाल्या.

काका आले ते एका पातेल्यावर ताटली बांधून. "घरातलं शेवटचं भांडं," ते म्हणाले. "आता उद्यापासून हातावर वाढावं लागेल. काय म्हणाली काल?"

"काका," बाई म्हणाल्या, "त्या जेवत नाहीत. नळीवर आहेत. तो छर्ऱ्यांचा डबा आणलात त्या दिवसापासून."

काकांनी पातेलं कठड्यावर ठेवलं. ते बाईंकडे बघत राहिले, रागाने नाही, एखादा नट कुठे बसतो ते शोधावं तसं.

"मग मीठ कुणी चाखलं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पातेलं आत घेतलं नाही.

काका बाजूला झाले, भिंतीशी टेकले आणि त्यांनी फोन लावला. "बाळा, तू ये. हो, मीच नको म्हटलं होतं. ये तू." थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. लेक पुलावर पोचली होती. शिपाई तिला सोडत नव्हता. काका शिपायाशी बोलले, त्याला साहेब म्हणाले, राजा म्हणाले, शेवटी माझ्या पोरा म्हणाले. शिपायाचा आवाज खिडकीपर्यंत येत होता. तोही रडवेला झाला होता. पण एकाला सोडलं तर मागे शेकडो उभे आहेत काका, असं म्हणत होता, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची बायको गेली. जवळ आया होती. आया नंतर सांगायला आली की, त्यांना काही कळत नव्हतं, त्रास झाला नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं. हे खरं की माझ्याच रोजच्या वाक्यांसारखं, असं विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी काका पुन्हा रांगेत होते. हात रिकामे. एकेक वर्तुळ पुढे सरकत ते खिडकीशी आले.

"द्यायला काही नाही," ते म्हणाले. "तो कडीचा डबा होता ना, पहिल्या दिवशीचा. त्यातला भात तिने खाल्ला होता. निदान तो तरी खरंच खाल्ला होता ना?"

"खाल्ला होता, काका. शपथ."

काकांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही ते त्यांच्या डोळ्यांत दिसेना. "तेवढा डबा मिळेल का परत?"

"आत आलेलं बाहेर जात नाही."

"हं," काका म्हणाले. "एवढं मात्र खरं बोललात." आणि ते भिंतीला हात लावत, हळूहळू निघून गेले.

मागच्या वर्तुळातून एक म्हातारी पुढे आली. फडक्यात बांधलेला डबा तिने दोन्ही हातांनी कठड्यावर ठेवला, अजून गरम होता. "माझा मुलगा जेवला का गं, बाय?"

मागच्या टेबलावर तिच्या कालच्या डब्याचा डाग होता की नाही, हे बघायला बाईंनी मान वळवली नाही.

"मला माहीत नाही, आजी," त्या म्हणाल्या.

म्हातारीने डबा परत ओढून घेतला, छातीशी धरला आणि ती तिथेच उभी राहिली. मागची माणसं वर्तुळातून पुढे झुकू लागली. कुणीतरी ओरडलं. आतून सिस्टरांचा आवाज आला, "बाई, रांग का थांबलीय?"