भिंतीतली थापी

माझ्या आबांची थापी पुंजाराम मिस्त्रीच्या भिंतीत आहे हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. गाडली त्यानेच होती, पण विसरून गेला होता. मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही.

तेव्हा मी त्याच्या हाताखाली बिगारी होते आणि तो गारखेड्यात स्वतःचं घर बांधत होता. कालवलेला सिमेंट-वाळूचा माल घमेल्यातून वाहून नेणं हे माझं काम. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए, माल!" एवढंच. आबा म्हणजे माझे वडील, पाचोडचे बन्सी मिस्त्री. ते गेले आणि त्यांची गिलाव्याची लोखंडी थापी माझ्याकडे आली, लाकडी मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजलेली. दुपारी जेवून सगळे आडवे झाले की मी ती काढून कोपऱ्यातल्या भिंतीवर हात बसवायचे. एक दिवस त्याने पकडलं.

"बाईनं थापी धरली की भित फुगती," म्हणाला आणि हिसकावून घेतली. परांचीचे बांबू अडकवायला भिंतीत भोकं ठेवतात, काम संपत आलं की ती बुजवतात. बैठकीच्या भिंतीतल्या अशाच एका भोकात त्याने माझ्या आबांची थापी खुपसली, वरून माल दाबला आणि सगळ्यांदेखत गिलावा फिरवला. "काढ आता!" सगळे हसले. मला रडू आलं, पण त्या माणसासमोर मी ते गिळलं. त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

शिकायची मी राहिले नाही. थापी नव्हती तर उघड्या तळहाताने शिकले, आमच्याच घराच्या भिंतीवर, कातडी सोलेपर्यंत. आता मजूर अड्ड्यावर मी उभी राहते ती मिस्त्री म्हणून. लोक आधी माझ्या मागे बघतात, हिचा गडी कुठंय म्हणून. मग नाइलाजाने मला नेतात आणि पुढच्या वेळी स्वतःहून फोन करतात.

गेल्या महिन्यात पुंजाराम अड्ड्यावर आला. उजवा हात लकव्याने गेलेला, शर्टाच्या बाहीत नुसता लोंबणारा. त्याच्या तोंडाची ख्याती अशी की एकही मिस्त्री जागचा हलेना. शेवटी तो माझ्यापुढे आला. ओळखलं नाही. ओळखणार कसा? माझ्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"लेकीचा साखरपुडा हाये, बाई, पुढच्या आठवड्यात. बैठकीची भित फुगती. तीनदा गिलावा करून घेतला, पुन्हा तिथंच फुगती. तांबडं पाणी सुटतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोखंड गंजलं की फुगतं आणि गिलावा फोडून बाहेर येतं. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला तर तोंड फुटलं होतं.

"येते," मी म्हणाले. "पण माझी बिगारी आज आली नाय. माल तुम्हालाच द्यावा लागंल."

तो मुकाट चालायला लागला. गरज माणसाला काय काय करायला लावते!

भिंतीपाशी मी छिन्नी-हातोडी घेतली आणि फुगलेला सगळा गिलावा उतरवला, खाटेएवढा. फक्त थापी गाडलेल्या त्या बुजवलेल्या भोकाला हात लावला नाही. त्याची लेक सायली चहा घेऊन आली. पुंजाराम दारात माल कालवत होता, डाव्या हाताने, घामाघूम.

"ए, माल!" मी ओरडले.

तो थबकला. मग अर्धं घमेलं पोटाशी धरून आला. मी थापीभर माल घेऊन भिंतीवर मारला आणि परत ओरडले, "ए, माल!" सायलीचा चेहरा पडला. मला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू, साखरेहून गोड वाटलं. दिवस कलेपर्यंत मी त्याला तसंच पळवलं. वर गिलावा गुळगुळीत करायचा लाकडी रंधा फिरवला, पट्टी लावून पाहिली, भिंत आरशासारखी झाली. मध्ये तेवढं वीतभर भोक उरलं, तांबूस गळणारं.

"हे का ठिवलं?" त्याने विचारलं.

"छिन्नी घ्या, मिस्त्री. हे तुम्ही फोडा."

मी छिन्नी धरली, त्याने डाव्या हाताने हातोडी मारली. तीन-चार घावांत बुजवण ढासळलं आणि आतून गंजाने फुललेली थापी खाली पडली. मूठ कुजून गेली होती. पातं तेवढं उरलं होतं. सायलीने ते उचललं. "पप्पा, हे कुनाचं?"

पुंजारामने त्या पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे.

"माझ्या बापाचं हाये, बाळा," मी म्हणाले. "तुझ्या पप्पांनी गाडलं होतं. तुमचं खरं निघालं, मिस्त्री. बाईच्या थापीनं भित फुगलीच की!"

तो खाली बसला. खालूनच वर बघत म्हणाला, "नाव काय गं तुझं?"

"रूपा."

"रूपाताई, चुकलं. एवढं भोक भरून दे. पाव्हणे येतेत."

इथे माझं मन विरघळायला हवं होतं, असं लोक म्हणतील. नाही विरघळलं. मी पातं पदरात गुंडाळलं, माझी हत्यारं पोत्यात भरली.

"ते तुम्ही भरा."

"मला एकच हात हाये. थापी बी नाय घरात, सगळी हत्यारं देऊन टाकली."

"तळहातानं भरा. मी तसंच शिकले. घमेल्यात माल हाये, वाळायच्या आत लावा."

सायली रडवेली झाली. तिचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी निघाले.

साखरपुड्याचा फोटो तिनेच, अड्ड्यावरून माझा नंबर मिळवून, मला पाठवला. नवरा-नवरी हसताहेत, आणि दोघांच्या डोक्यांमध्ये, गुळगुळीत भिंतीवर, खडबडीत ठिगळ. त्यात एका डाव्या हाताची पाच बोटं उमटलेली. खाली तिने लिहिलं होतं, 'पप्पांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रंगसुद्धा देऊ दिला नाही.'

फोटो मी मोठा करून पाहिला. बोटं नीट दाबलेली होती, कडा बसवलेल्या होत्या. पहिल्या खेपेला माझं याहून वाईट झालं होतं.

आबांचं पातं मी घासलं, नवी मूठ बसवली. त्याच थापीने आता काम करते. पुंजारामला मी माफ केलेलं नाही. पण ते ठिगळ फुगणार नाही, एवढं मी कुणालाही लिहून देईन.